‘देणे’ आणि ‘देणगी’ : कल्याणकारी राज्याच्या मराठी शब्दयोजनेविषयी काही विचार

१

जालना जिल्ह्यातील वडीगोद्री या गावाहून आमच्याकडे शिकावयास आलेल्या अर्थशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने काही दिवसांपूर्वी आपला एक निबंध भाषेच्या दृष्टीने तपासून द्यावा, म्हणून मजकडे आणून दिला. ‘लोककल्याण की वित्तीय शिस्त ?’ हे त्या निबंधाचे शीर्षक. विषय परिचयाचाच आहे. शासनाने दुर्बलांसाठी किती खर्च करावा आणि तिजोरीच्या मर्यादेपुढे केव्हा थांबावे, हा तो प्रश्न होय. विद्यार्थ्याने आकडे काळजीपूर्वक जमविले होते, दोन्ही बाजू मांडल्या होत्या, आणि शेवटी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेवरील खर्च हा अनुत्पादक असून तो राज्याला परवडणारा नाही, असा निष्कर्ष काढला होता. अर्थशास्त्राचा अधिकार मजपाशी नाही. तथापि निबंध वाचताना असे सारखे वाटत राहिले की, हा निष्कर्ष आकड्यांनी काढलेला नसून शब्दांनी काढलेला आहे; आणि ते शब्द त्या विद्यार्थ्याचे नसून आपणा सर्वांचे आहेत. प्रस्तुत लेख त्या शब्दांविषयी आहे.

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील, धुळे-सोलापूर मार्गावरचे गाव. जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे जातो. ज्यांना त्याचे पाणी मिळते त्यांचा ऊस आणि मोसंबी, ज्यांना मिळत नाही त्यांची कापूस आणि तूर, आणि ज्यांना जमीनच पुरत नाही त्यांची दिवाळीनंतरची ऊसतोड, अशी या भागातील संसाराची स्थूल विभागणी आहे. जून २०२४ मध्ये या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणार्थ तेथे झालेल्या उपोषणामुळे. जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत त्याच्या आदल्या वर्षी मराठा आरक्षणाचे आंदोलन उभे राहिले होते. दोन्ही ठिकाणी जो शब्द सर्वाधिक ऐकू येत होता तो ‘हक्क’ हा होता. वडीगोद्रीचे उपोषण सुटून आठवडाही झाला नाही तोच, २८ जून २०२४ रोजी, राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना घोषित झाली. तिच्याभोवती ‘हक्क’ हा शब्द क्वचितच ऐकू आला. तेथे ‘ओवाळणी’ हा शब्द आला. एकाच गावच्या एकाच घरात एकाच महिन्यात हे दोन शब्द शिरले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

२

प्रथम शीर्षकातील ‘की’ या अव्ययाकडे पाहू. मराठीत विकल्प दर्शविण्यासाठी ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’ आणि ‘की’ अशी अव्यये आहेत. त्यांपैकी पहिल्या तिहींत विकल्प मोकळा असतो. ‘चहा किंवा कॉफी द्या’ या वाक्यात दोहोंपैकी काहीही चालते, प्रसंगी दोन्हीही चालतात. ‘चहा घेणार की कॉफी ?’ येथे मात्र एक घेतले तर दुसरे सोडावे लागते, अशी अपेक्षा प्रश्नातच असते. म्हणून ‘लोककल्याण की वित्तीय शिस्त ?’ असे विचारणाऱ्याने उत्तराचा अर्धा भाग प्रश्नातच देऊन टाकलेला असतो. जो कल्याण म्हणेल तो बेशिस्त ठरतो, आणि जो शिस्त म्हणेल तो निर्दय ठरतो. वस्तुतः शासनापुढे असा प्रश्न कधीच नसतो. त्याच्यापुढे असतात ते ‘किती’, ‘कोणाला’, ‘कोणाकडून घेऊन’ आणि ‘कधीपर्यंत’ हे प्रश्न. या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांनी देता येतात. ‘की’चे उत्तर केवळ स्वभावाने देता येते.

दुसरा शब्द ‘परवडणे’. निबंधात तो अनेकदा आला आहे आणि वृत्तपत्रांतही तो नित्य असतो. या क्रियापदाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मी परवडतो’ असे आपण म्हणत नाही. ‘मला परवडत नाही’ असे म्हणतो. ज्याला परवडत नाही तो वाक्यात चतुर्थीत असतो. आवडणे, सुचणे, समजणे, झेपणे या क्रियापदांचीही रीत हीच आहे. यांत व्यक्ती काही करीत नाही. तिच्या ठायी काही घडते. थंडी वाजते, भूक लागते, तसे परवडत नाही. एखाद्या कुटुंबाच्या बाबतीत ही रचना पुष्कळशी यथार्थ आहे, कारण त्याची मिळकत बहुधा त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. परंतु ‘शासनाला परवडत नाही’ असे म्हटल्याबरोबर शासन हा कर्ता न राहता केवळ सोसणारा होतो. अमुक कर लावला नाही, तमुक सवलत चालू ठेवली, अमुक कर्ज अमुक कामासाठी काढले, ही सारी ज्यांना कर्ता आहे अशी वाक्ये. ती त्या एका चतुर्थीच्या आड जातात.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हणही निबंधात आहे. म्हण शहाणपणाची आहे. परंतु तिच्यात अंथरुणाची लांबी ठरलेली आहे असे गृहीत आहे. राज्याच्या बाबतीत अंथरुणाची लांबी काही अंशी स्वतःच ठरवावयाची असते. ‘काही अंशी’ हे शब्द मी जाणून वापरतो, कारण ती अमर्याद नाही हेही तितकेच खरे आहे. राज्य चलन छापू शकत नाही. केंद्राचे कर्ज शिल्लक असताना नवे कर्ज उभारावयाचे तर राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदान्वये केंद्राची संमती लागते. २००५ साली राज्याने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करून तुटीला स्वतःच कुंपण घातले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याच्या स्वतःच्या हाती मद्य, इंधन, मुद्रांक, वाहने आणि व्यवसाय यांवरील करांपलीकडे फारसे उरले नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखविली आहे आणि कर्जाचा अंदाज नऊ लक्ष कोटींच्या पुढे गेला आहे. ज्याला या आकड्यांची काळजी वाटत नाही त्याने लोककल्याणाविषयीही बोलू नये. कारण तूट वाढली की जी कात्री चालते ती प्रथम शाळेवर, दवाखान्यावर आणि शिष्यवृत्तीवरच चालते. आमच्या विद्यार्थ्याची चिंता म्हणून खोटी नाही. चिंतेला लागलेली भाषा तेवढी तपासावयाची आहे.

३

या चर्चेच्या मुळाशी असलेला शब्द ‘देणे’ हा होय. मराठीने या एका शब्दात दोन अर्थ नांदविले आहेत. क्रियापद म्हणून ‘देणे’ म्हणजे हातातील वस्तू दुसऱ्याच्या हाती घालणे. नाम म्हणून ‘देणे’ म्हणजे ऋण, फेडावयाची रक्कम. ‘वाण्याचे देणे’, ‘देणेकरी’, ‘मी अमुक इतके देणे लागतो’ या प्रयोगांत दात्याच्या उदारतेचा लवलेशही नाही. याच धातूपासून ‘देणगी’ हा शब्द झाला आणि त्यात मात्र उदारतेखेरीज काही नाही. देणे चुकविले तर माणूस बुडव्या ठरतो. देणगी दिली नाही तर फार तर कंजूष ठरतो. तेव्हा शासनाच्या कोणत्याही खर्चाविषयी पहिला प्रश्न हा की, ते देणे आहे की देणगी ? येथे ‘की’ योग्य आहे, कारण ती एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही.

व्यवहारात आपण ही विभागणी कशी करतो ते पाहावे. रोखेधारकांना द्यावयाचे व्याज हे देणे. त्याविषयी मतभेद नाही. शासकीय सेवकांचे वेतन व निवृत्तिवेतन हेही देणे. अर्थसंकल्पाच्या परिभाषेत या तिहींना मिळून बांधील खर्च म्हणतात. प्रस्तुत लेखकाचे वेतन याच वर्गात मोडते आणि ते महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होते, तेव्हा ‘लाभ वितरित झाला’ असे कोणी म्हणत नाही. रोखेधारकाला ‘लाभार्थी’ म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द ज्याच्याविषयी वापरावयाचा तो मनुष्य वेगळा. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी या शब्दांप्रमाणे यातही ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. त्याचे कोणाकडे काही येणे आहे, असे हा शब्द सांगत नाही. तो दाराशी उभा आहे, एवढेच सांगतो.

‘पात्र’ हा शब्दही याच घराण्यातील आहे. शासकीय योजनांच्या मराठीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या शब्दांवाचून पान हलत नाही. आपल्या दानविचारात देश, काल आणि पात्र पाहून दान करावे असे सांगितले आहे. पात्र म्हणजे भांडे, आणि भांडे गळके असेल तर दान वाया जाते. त्यामुळे घेणाऱ्याची परीक्षा करणे हे दात्याचे कर्तव्यच ठरते. कायद्याची परिभाषा घडविणाऱ्यांच्या मनात हा इतिहास असेलच असे नाही. परंतु शब्द आपली वासना सोडीत नाहीत. ऋणको धनकोची पात्रता कधी तपासत नाही. दाता याचकाची तपासतो. आणि या परीक्षेचा निकाल सांगणारे वाक्य बहुधा ‘देण्यात येईल’ किंवा ‘देण्यात येणार नाही’ असे असते. कृदन्ताच्या सप्तमीला ‘येणे’ जोडून होणारी ही रचना शासकीय मराठीने फार लाडकी करून ठेवली आहे. हिच्यात ‘शासनाकडून’ हे पद घालता येते, पण घालावेच लागत नाही. आणि जे घालावे लागत नाही ते बहुधा घातले जात नाही. देणारा दिसत नाही, म्हणून न देणाराही दिसत नाही.

४

याच महाराष्ट्रात याहून निराळी भाषा एकदा घडली होती, याची आठवण करून देणे आवश्यक आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे ग्रामीण रोजगाराचा एक प्रयोग झाला. १९७२ मध्ये त्यातून रोजगार हमी योजना निघाली. लगेच आलेल्या १९७२-७३ च्या दुष्काळात तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली, आणि दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिचे ब्रीद तीन शब्दांचे होते : ‘मागेल त्याला काम’.

या तीन शब्दांची रचना पाहावी. ‘जो’ गाळला आहे, ‘मिळेल’ गाळले आहे, शासनाचे तर नावच नाही. पण शासनाचे नाव नसणे येथे ‘देण्यात येईल’मधल्यासारखे नाही. येथे वाक्याचा आरंभच मागणाऱ्याच्या क्रियेने होतो. तो मागेल, की बंधन उत्पन्न झाले. ‘मागणे’ या क्रियापदातही मराठीने याचना आणि मागणी असे दोन अर्थ ठेवले आहेत. भिकारी मागतो आणि सावकारही मागतो. या ब्रीदातील मागणे दुसऱ्या जातीचे आहे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद कायद्यात होती. ती रक्कम दिवसाला किमान एक रुपया एवढीच होती, पण तिचे महत्त्व रकमेत नसून तत्त्वात होते. चुकलेल्या देण्यावर व्याज लागते. चुकलेल्या देणगीवर लागत नाही.

आणि येथे पात्रतेची परीक्षा जवळजवळ नव्हती. ग्रामीण भागातील प्रौढ असणे आणि अंगमेहनतीचे काम करावयास तयार असणे, इतके पुरे होते. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडावयास येणार नाही, हा त्यामागील हिशेब. परीक्षा घेणारा कारकून नव्हता. काम हीच परीक्षा होती. वित्तीय शिस्तीच्या दृष्टीनेही ही योजना भाबडी नव्हती. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. मोटारगाड्या, विक्री, बागायती जमिनी, शहरांतील बिगरनिवासी इमारती यांवर अधिभार अथवा विशेष आकारणी झाली. आणि या करांतून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. ‘कोणाकडून घेऊन’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने इतक्या स्पष्टपणे दिल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे सहज सापडणार नाही. आजही प्रस्तुत लेखकाच्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार रुपये व्यवसाय कराचे कापले जातात. घटनेने या कराला घातलेली अडीच हजारांची मर्यादा १९८८ मधील साठाव्या घटनादुरुस्तीची आहे आणि तेव्हापासून ती तेथेच थांबली आहे. त्या साली अडीच हजारांत काय येत असे आणि आज काय येते, हे ज्येष्ठ प्राध्यापकांना सांगावयास नको. जी रक्कम आमच्याकडून घ्यावयाची ती गोठली, आणि जे त्यांना द्यावयाचे ते परवडेनासे झाले, असे म्हणावयाची पाळी येते.

अर्थात ही योजना निर्दोष होती असे नाही. खोटे हजेरीपट, अर्धवट राहिलेले पाझर तलाव, मोजमापात मारली जाणारी मजुरी, एका बाजूला निधी शिल्लक तर दुसऱ्या बाजूला कामाविना बसलेले मजूर, या तक्रारी सर्वश्रुत आहेत. त्यांहून बोधप्रद गोष्ट १९८८ ची आहे. त्या वर्षी किमान वेतन वाढल्याबरोबर योजनेची मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. मार्टिन रव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे होऊन कामाचे वाटप मोजून मापून होऊ लागले. कायद्याचा एकही शब्द बदलला नव्हता. हमी तशीच होती. तिच्यापुढे पैशाची भिंत मात्र गुपचूप उभी राहिली होती. वित्तीय मर्यादा लपवून ठेवली म्हणजे ती नाहीशी होत नाही, ती मजुराच्या वाट्याला येते, हे या प्रसंगावरून शिकावे.

‘हमी’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि सावकारी व्यवहारात रुळला. हमीदार राहणे म्हणजे काय हे खेड्यातील निरक्षर मनुष्यही जाणतो. मूळ ऋणको पळाला तर हमीदाराच्या दारी जप्ती येते. ‘त्या वेळी माझ्याजवळ असेल तेवढ्याचीच हमी’ असे म्हणणाऱ्याला कोणी हमीदार म्हणून उभे करीत नाही. हा अर्थ मनात ठेवून नव्या घटनेकडे पाहावे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्याच्या नावातही ‘गॅरंटी’ हा शब्द आहे, आणि वर्षाकाठी शंभराऐवजी सव्वाशे दिवसांचे आश्वासन आहे. परंतु त्यात केंद्र प्रत्येक राज्याचा नियतव्यय आधी ठरवील, बहुतेक राज्यांत खर्चाचे प्रमाण साठास चाळीस राहील, आणि नियतव्ययापलीकडील खर्च राज्याने सोसावा, अशी योजना आहे. याचे समर्थन वित्तीय शिस्तीच्या आधारे करता येईल व करणारे करतातही. भाषेच्या अभ्यासकाला एवढेच म्हणावयाचे आहे की, दिवस वाढले आणि हमीदाराने आपली रक्कम आधीच बांधून घेतली, या दोन गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या पाहिजेत.

५

आता लाडक्या बहिणीकडे वळू. या योजनेतील मासिक रक्कम पंधराशे, म्हणजे वर्षाला अठरा हजार. घोषणेच्या वेळी वर्षाला ४६,००० कोटींचा खर्च सांगण्यात आला होता. भागाकार केला तर तो सुमारे दोन कोटी छप्पन्न लक्ष स्त्रियांना पुरतो. २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटींची आहे. ती बरोबर दोन कोटींना पुरते. यामधल्या काळात अपात्रांची छाननी सुरू झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये आधार-आधारित पडताळणी सक्तीची झाली. ज्यांनी खोटी माहिती देऊन रक्कम घेतली त्यांना वगळणे योग्यच आहे. त्याबद्दल वाद नाही. परंतु दोन रीतींतील भेद ध्यानात यावा. १९७७ च्या कायद्यात, निदान तत्त्वतः, माणसांवरून रक्कम ठरत असे. येथे रकमेवरून माणसे ठरू शकतात. निवडणुकीच्या काळात पंधराशेचे एकवीसशे करण्याचे जे आश्वासन दिले गेले ते २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आले नाही. तरीही ‘देणे बुडविले’ असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही. आणि ते स्वाभाविक आहे, कारण ओवाळणी कमी पडली म्हणून बहीण भावावर दावा लावीत नसते.

योजनेच्या नावातील दोन्ही शब्द या दृष्टीने बोलके आहेत. ‘लाडकी’ असणे हे लाड करणाऱ्याच्या मर्जीवर असते; आपल्या कहाण्यांतील आवडती राणी कधी नावडती होईल याचा नेम नसतो. ‘बहीण’ हा शब्द त्याहून खोल जातो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. पण मराठवाड्यातील, किंबहुना महाराष्ट्रातील, कोणत्याही तलाठ्याला विचारावे, म्हणजे हक्कसोडपत्रांचा अनुभव तो सांगेल. माहेर तुटू नये म्हणून बहीण जमिनीवरील हक्क सोडते आणि वर्षाकाठी साडीचोळीवर समाधान मानते. हक्क सोडला की ओवाळणी गोड होते, हा आपल्या समाजाचा अलिखित करार आहे. शासनाने स्वतःला भाऊ म्हणवून घेतले, तेव्हा हा सारा करार त्या नावाबरोबर आला.

परंतु टीका येथेच थांबविणे अन्यायाचे होईल. या योजनेला ‘रेवडी’ वा ‘खिरापत’ म्हणणारे वर्गही तितक्याच बेसावधपणे शब्द वापरतात. खिरापत सर्वांना सारखी वाटली जाते आणि ती घेण्यात कोणाची लाज जात नाही. तिचा उपहासासाठी उपयोग करताना हे आपण विसरतो. ‘अनुत्पादक’ या शब्दाचेही तसेच आहे, आणि येथे मला पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या निबंधाकडे यावयाचे आहे.

निबंधाच्या सातव्या पानावर दोन वाक्ये लिहून पट्टीने रेघ मारून खोडलेली होती. रेघ सरळ असल्यामुळे ती वाचता येत होती. ‘पहिल्या हप्त्यांतून आईने माझी परीक्षा-फी भरली. त्यासाठी तिला वडिलांना किंवा आणखी कोणाला विचारावे लागले नाही.’ हे का खोडले, असे मी विचारले. ‘सर, ते संशोधनात बसत नाही, वैयक्तिक आहे,’ असे त्याने सांगितले. त्याच्या आजीने दुष्काळात खडी फोडली होती हेही नंतर बोलण्यात आले. तेही त्याने लिहिले नव्हते.

माझ्या मते त्या निबंधातील सर्वांत शुद्ध मराठी वाक्ये तीच होती. इतरत्र ‘करण्यात येते’, ‘पडतो’, ‘परवडत नाही’. येथे मात्र ‘आईने भरली’. कर्ता आहे, तृतीयेत आहे, आणि क्रिया पुरी झालेली आहे. शिवाय पुराव्याच्या दृष्टीनेही ती वाक्ये दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. अर्थशास्त्राच्या पदवीची फी ज्या पैशातून भरली गेली तो पैसा अनुत्पादक, असे तीच पदवी घेणारा विद्यार्थी लिहितो आहे, याचा अर्थ ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या तपासण्याची वेळ आली आहे. एका उदाहरणावरून सिद्धान्त होत नाही, हे मान्य आहे. पण सिद्धान्ताच्या सोयीसाठी उदाहरण खोडणे हेही शास्त्र नव्हे.

६

तात्पर्य काय ? शब्द बदलल्याने तूट भरून निघत नाही. पंधराशेला ओवाळणी म्हणा अथवा हक्क म्हणा, तिजोरीतून जावयाची रक्कम तेवढीच असते. मात्र रक्कम कमी करण्याची वेळ येते तेव्हा कोणत्या रकमेला प्रथम हात लागणार, हे शब्दांनी पूर्वीच ठरविलेले असते. देण्याला सहसा हात लागत नाही, देणगीला लागतो. म्हणून जो खर्च समाजाने विचारपूर्वक देणे म्हणून मानला असेल तो तशाच भाषेत लिहावा, त्याच्यासमोर उत्पन्नाची बाजू मांडावी, आणि देणारा कोण हे वाक्यात स्पष्ट लिहावे. आणि जो खर्च केवळ देणगी असेल त्याला हक्काचा मुलामा देऊ नये. कारण उद्या ती थांबली तर लोकांचा हक्क या शब्दावरचाच विश्वास उडेल. रोजगार हमीच्या कायद्याने १९७७ साली या दोन्ही बाजू एकत्र मांडून दाखविल्या होत्या. तो कायदा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जसा वाचावा तसा मराठीच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा, अशी माझी सूचना आहे. शासननिर्णयांची भाषा हा आपल्या विभागात अद्याप पुरेसा न हाताळलेला अभ्यासविषय आहे. ज्यांना प्रबंधासाठी विषय हवा असेल त्यांनी ‘देण्यात येईल’ या एकाच रचनेचा मागोवा घेतला तरी पुष्कळ हाती लागेल.

निबंध परत देताना मी शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या केल्या आणि दोन गोष्टी सुचविल्या. एक, शीर्षकातील ‘की’ काढून तेथे ‘आणि’ घालावे व निष्कर्ष पुन्हा तपासावा. दुसरी, सातव्या पानावरील रेघ काढावी, आणि त्या दोन वाक्यांच्या शेजारीच ३६,००० कोटींचा आकडा, महसुली तूट आणि हा पैसा कोणाकडून आणावा याविषयीचे आपले मत लिहावे. पहिली सूचना त्याने लगेच मान्य केली. दुसरीवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आईला विचारून सांगतो, असे म्हणाला.